आंबट कोणतं, तुरट कोणतं?

दोन अंकांपूर्वी याच सदरात, कडक चहा प्यायल्यावर जीभ का आखडते, यावर मी चार ओळी लिहिल्या होत्या. ओघात वाइनचं नाव निघालं आणि तेवढ्यावर पत्रांची थप्पी आली. मी काही वाइनवाला नव्हे. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये ३१ वर्षं ब्यूरेट-पिपेट हाताळून निवृत्त झालेला माणूस. फळांची नि भाज्यांची वाइन मी बघितली ती मुलाकडे, इंग्लंडात शेफील्डला. दोन खेपा सहा-सहा महिने राहिलो, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याच्या गॅरेजमध्ये माझा मुक्काम असायचा. तिकडे स्वतःच्या घरापुरती वाइन करायला परवाना लागत नाही, विकायची मात्र नाही. आपल्याकडचा कायदा वेगळा आहे. त्याबद्दल शेवटच्या पत्राला उत्तर दिलंय, ते वाचल्याशिवाय कुणी बरणी धुवायला घेऊ नये.

प्रश्न : काका, माझी लेक लेस्टरला असते. तिनं गाजराची वाइन केली, साडेचार लिटर. गाजर, साखर, यीस्ट आणि एका संत्र्याचा रस, एवढंच. सहा महिने झाले. रंग सोन्यासारखा आलाय, पण चव पाणचट, वर खोकल्याच्या औषधासारखी, असं म्हणते. साखर घालून बघितली तर आणखी बिघडली. ओतून द्यावी का? – एक वाचक, ताराबाई पार्क

उत्तर : वहिनी, ओतू नका म्हणावं. लेकीचं काही चुकलेलं नाही, चुकलंय ते गाजराचं. गाजर, बीट, पार्सनिप (आपल्या पांढऱ्या गाजराचा थोरला भाऊ) या सगळ्या कंदांत गोडवा आहे, वास आहे, पण आम्ल नावापुरतं आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, जवळपास नाहीच. द्राक्षात दोन्ही उपजत असतात, म्हणून द्राक्षवाल्याला त्यांची आठवण ठेवावी लागत नाही. भाजीच्या वाइनमध्ये दोन्ही आपण बाहेरून आणायची. एका संत्र्यानं साडेचार लिटरचं काय होणार?

आम्ल कमी पडलं की तीन गोष्टी होतात. चव सपाट होते. औषधी वास येतो. तिकडचे जुने लोक वासावरूनच ओळखतात. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे वाइन लवकर खराब होते. वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट आम्लातच काम करतं. पीएच (आम्ल जितकं कडक, तितका हा आकडा कमी) ३.२ असताना त्याचा जेवढा भाग जंतूंवर चालतो, त्याच्या पाव भागच ३.८ ला चालतो. म्हणजे आम्ल हे चवीपुरतं नाही, राखणदारही आहे.

साखर घालून बिघडली, ते साहजिक आहे. चिंच-गुळाची आमटी करताना चिंच विसरली आणि नुसता गूळ वाढवत गेलात तर काय होईल? तसंच. शिवाय आंबलेल्या वाइनमध्ये मागाहून साखर घातली नि यीस्ट जिवंत असलं, तर बाटल्या फुटतात. तेव्हा साखर आता पुरे.

काय करायचं ते सांगतो. टार्टारिक ॲसिडची पूड तिकडे वाइनच्या सामानाच्या दुकानात मिळते. १० ग्रॅम पूड पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करायचं. पाच पेल्यांत प्रत्येकी १०० मिली वाइन घ्यायची. पहिल्या पेल्यात काही नाही, मग पुढच्यांत २, ३, ४ आणि ५ मिली द्रावण. एक मिली म्हणजे लिटरला एक ग्रॅम, हिशेब सोपा. पेल्यांच्या बुडाला आकडे चिकटवायचे, ते दिसणार नाहीत असे, आणि जावयाला चाखायला बसवायचं. जो पेला त्यानं दुसऱ्यांदा उचलला, तो बरोबर. मला वाटतं ३ नि ४ च्या मध्ये कुठेतरी येईल, पण माझ्या वाटण्यापेक्षा पेल्यावर विश्वास ठेवावा.

मग टॅनिन. आम्ल घातलं तरी वाइन तोंडातून सरबतासारखी निसटते, कुठे थांबत नाही, असं वाटलं तर बिनदुधाचा, बिनसाखरेचा एक कप कडक चहा साडेचार लिटरमध्ये. शेजारचा म्हातारा दर खेपेला हेच करायचा. टॅनिनची तयार पूडही मिळते. ती साडेचार लिटरला पाव चमचा, आणि पाव म्हणजे पावच. मी पहिल्या वर्षी त्याच्या पार्सनिपच्या वाइनमध्ये सपाट चमचाभर घातली. पुढचे दोन महिने ती वाइन म्हणजे हिरडा चघळल्यासारखी लागायची. म्हातारा काही बोलला नाही. फक्त मी आलो की पुडीचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा.

प्रश्न : सर, मी फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या परवानगीनं प्रकल्पासाठी जांभळाची वाइन केली. तोंडात खूप खरखरते. ॲसिड जास्त आहे समजून लिटरला २ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घातलं. खरखर तशीच राहिली, उलट रंग निळसर मळका झाला. आधीचं ॲसिड टार्टारिकच्या हिशेबानं लिटरला ६.२ ग्रॅम होतं. – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : बाळा, तुझ्या पत्रात दुखणं आणि निदान दोन्ही आहेत, फक्त एकमेकांना भेटलेली नाहीत. ६.२ हा आकडा फळाच्या वाइनला उत्तम. तो बघून खडू, म्हणजे तुझं कॅल्शियम कार्बोनेट, हातात घ्यायचं कारणच नव्हतं. खरखर होती टॅनिनची, तू औषध दिलंस आम्लावर.

आपल्या भाषेत एक सोय आहे, ती वापरावी. षड्रसांत आम्ल वेगळा, कषाय वेगळा, तिक्त वेगळा. आंबट, तुरट, कडू. आपल्या आज्या कच्च्या जांभळाला कधी आंबट म्हणाल्या नाहीत, तुरटच म्हणाल्या. तुरटीला तुरटी म्हणतात तेही उगाच नाही. शेफील्डच्या मंडळींशी बोलताना मला कळलं की तिकडे रोजच्या बोलण्यात तुरटाला नेमका शब्द लवकर सापडत नाही. एकाच पेल्याला एक जण कडू म्हणतो, दुसरा आंबट. तुला ती अडचण नाही. तरी जिभेला सराव हवा. घरी तीन वाट्या कर. एकीत पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व, दुसरीत पानाच्या टपरीवरचा काताचा खडा विरघळवून, तिसरीत कारल्याच्या रसाचे दोन थेंब. आंबटानं लाळ सुटते, दात आंबतात. तुरटानं उलटं होतं, लाळ आटते, गालाची आतली बाजू दातांना चिकटल्यासारखी वाटते. कडू जिभेच्या मागे जाऊन बसतं आणि हलत नाही. (कॅटेचिन या रसायनाचं नाव याच कातावरून, कॅटेच्यूवरून पडलंय. पानवाल्याला सांगून बघ, तो बिल कमी करणार नाही.)

लाळ का आटते, ते कोल्हापूरच्या माणसाला परक्या उदाहरणानं सांगायची गरज नाही. आपली चप्पल बघ. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. साल आणि हिरड्यातलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला धरून बसतं, म्हणून कातडं कुजत नाही. टॅनिन हे नावच मुळात कातडी कमावण्याच्या शब्दावरून आलंय. तेच टॅनिन तोंडात गेलं की लाळेतल्या प्रथिनांना धरतं, त्यांचा साका होतो, वंगण जातं आणि जीभ कोरडी घासायला लागते. थोडक्यात, तुझी जांभळाची वाइन परीक्षकांची जीभ कमावतेय.

म्हणून इलाजही प्रथिनाचाच. कडक चहात दूध घातलं की तुरटपणा का उतरतो? दुधातलं केसीन टॅनिनला आधीच पकडतं, लाळेपर्यंत पोचू देत नाही. वाइनमध्ये तेच काम जिलेटिन, अंड्याचा पांढरा बलक किंवा केसीन करतं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या लाल वाइनला २२५ लिटरच्या पिंपाला चार-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालायची जुनी पद्धत आहे. तू असं कर. १ ग्रॅम साधं जिलेटिन कोमट पाण्यात विरघळवून १०० मिली कर. १०० मिली वाइनला ०.५, १ आणि १.५ मिली, असे तीन नमुने. एक मिली म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम. रात्रभर फ्रिजमध्ये ठेव, साका खाली बसेल, वरचं चाख. ज्यानं तोंड मोकळं वाटेल, पण पार पाणचट होणार नाही, तेवढंच मोठ्या भांड्यात. जास्त घातलंस तर रंगही घेऊन जाईल. आणि परीक्षकांत कुणी शाकाहारी असेल तर जिलेटिन घातल्याचं आधी सांग. किंवा केसीन वापर.

आता खडूचं. दोन ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटनं लिटरमागे साधारण तीन ग्रॅम टार्टारिकएवढं आम्ल मारलं. म्हणजे तुझी वाइन आता ३.२ च्या आसपास आहे, म्हणूनच रंग मळला. जांभळाचा रंग अँथोसायनिनचा. आम्लात लाल, आम्ल उतरलं की निळसर. आणखी एक गोम आहे. खडू टार्टारिकला गाळात बसवतो, पण जांभळात मुख्य आम्ल मॅलिक. त्याचं कॅल्शियम बरंचसं विरघळलेलंच राहतं आणि खडूची चव मागे ठेवतं. टार्टारिक थोडं थोडं घालून आम्ल साडेपाच-सहापर्यंत परत आण. रंगही बराचसा परत येईल आणि कॅल्शियमचा काही भाग हळूहळू खाली बसेल. त्याला आठवडे लागतात, म्हणून बाटल्या भरायची घाई नको.

पुढच्या जूनमध्ये केलीस तर बी आधी काढ. जांभळाचं बी आणि साल ही टॅनिनची कोठारं. मिक्सर अजिबात नको. गर हातानं चुरायचा, दोन दिवस साल रसात राहू द्यायची, रंग उतरला की गाळून टाकायची. टॅनिन काढण्यापेक्षा न घेणं सोपं.

प्रश्न : मुलानं इंग्लंडातून जुनं पुस्तक आणलंय, त्यात वाइनचं ॲसिड हजारी ३.५ ते ४.५ असावं म्हणतात. दुसऱ्या अमेरिकन पुस्तकात ६ ते ६.५. दोन्ही छापील. खरं कोणाचं? – निवृत्त शिक्षक, शाहूपुरी

उत्तर : दोघांचंही. गुरुजी, हा मापाचा घोळ आहे, आणि या घोळानं किती जणांची वाइन नासली असेल देव जाणे. वाइनमध्ये चार-पाच आम्लं असतात. सगळी मिळून एकाच्या नावावर लिहायची पद्धत. जुनी इंग्रजी पुस्तकं ती सल्फ्युरिक ॲसिडच्या हिशेबानं लिहीत. वाइनमध्ये सल्फ्युरिक ॲसिड असतं असा त्याचा अर्थ नाही, ती नुसती लिहिण्याची रीत. अमेरिकन टार्टारिकच्या हिशेबानं लिहितात. सल्फ्युरिकच्या आकड्याला १.५३ नं गुणलं की टार्टारिकचा आकडा मिळतो. ३.५ चे झाले ५.४, साडेचारचे झाले ६.९. भांडण मिटलं. जाता जाता गॅलनही बघून घ्या, इंग्रजांचा ४.५४६ लिटरचा, अमेरिकेचा ३.७८५ चा. एका पुस्तकातलं आम्ल आणि दुसऱ्यातला गॅलन घेतला की झालंच.

स्वतः मोजायचं असेल तर लॅबची जुनीच तऱ्हा. १० मिली वाइन, आधी थोडी गरम करून आतला कार्बन डायऑक्साइड घालवलेली, नाहीतर तोही आम्ल म्हणून मोजला जातो. त्यात ५० मिली डिस्टिल्ड पाणी, फिनॉल्फ्थेलीनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणारं रसायन) दोन-तीन थेंब. ब्यूरेटमध्ये ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचं द्रावण. गुलाबी छटा येऊन टिकली की थांबायचं. जेवढे मिली लागले त्याला ०.७५ नं गुणा, लिटरला टार्टारिक ग्रॅम. आठ मिली लागले तर सहा ग्रॅम. बीट किंवा जांभूळ असेल तर गुलाबी दिसणारच नाही. जांभूळ तर मध्येच करडं-हिरवं होतं आणि माणूस फसतो. तिथे पीएच मीटर लावून ८.२ ला थांबावं. कॉस्टिक हाताला लागू देऊ नका, चष्मा घाला, आणि नातवंडं त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

एवढं सगळं येत असून मी स्वतः कसा तोंडघशी पडलो, तेही सांगतो. शेफील्डला गाजराची वाइन केली तेव्हा मी हेच मोजमाप, म्हणजे टायट्रेशन केलं. आकडा आला पाच. ३१ वर्षांचा अनुभव, मी छाती काढून म्हाताऱ्याला सांगितलं, ॲसिड पुरेसं आहे, काही घालायचं नाही. त्यानं घोटभर घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, लिंबू हवंय. मी ऐकलं नाही. वाइन झाली ती वहिनींच्या लेकीसारखीच, खोकल्याचं औषध. मागाहून बघतो तर कॉस्टिकची बाटली दोन वर्षं उघडी पडलेली. हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन मिळमिळीत झालेली. कॉस्टिक दुबळं असलं की ते जास्त मिली लागतं आणि आम्ल आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. कारखान्यात दर आठवड्याला मी पोरांना द्रावण तपासून घ्यायला लावायचो, न केलं तर बोलायचोही. तेव्हापासून मी आधी चाखतो, आकडा मागून बघतो. दोन्ही जुळले नाहीत तर पहिला संशय बाटलीवर.

प्रश्न : टार्टारिक विकत कशाला, चिंचेत तेच असतं ना? नाहीतर लिंबू पिळलं तर चालेल का? भाचा ऑकलंडला बिटाची करतो. – एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : चिंचेत टार्टारिक भरपूर असतं, हे खरं. फळांत ते सहसा फारसं नसतंच, द्राक्ष आणि चिंच हीच त्याची मोठी घरं. पण वाइनमध्ये चिंच घालू नये. तिचा रंग आणि वास सगळ्याला व्यापून टाकतो, पेक्टिनमुळे वाइन गढूळ राहते, आणि वर्षाची साठवणीची चिंच म्हणजे मीठ लावलेले गोळे. खारट वाइन करून भाच्याला काय मिळणार?

लिंबू चालेल. रसात साधारण पाच टक्के सायट्रिक असतं, म्हणजे मोठ्या लिंबाच्या ४० मिली रसात दोनेक ग्रॅम. पण आंबण्याआधी सगळं आम्ल लिंबाचंच घातलं तर एक धोका असतो. लॅक्टिक जंतू शिरले तर ते सायट्रिक खातात आणि व्हिनेगरचं ॲसिड मागे ठेवतात. म्हणून मी सुरुवातीला टार्टारिक घालतो, लिंबू शेवटी चवीला. बिटाला तर लिंबाची सालही थोडी खिसून घालावी, पांढरा भाग वगळून. बिटाचा मातकट वास तिनं दबतो. शेले नावाच्या स्वीडिश औषधविक्यानं १७८४ मध्ये लिंबाच्या रसातून सायट्रिक ॲसिड आणि पुढच्याच वर्षी सफरचंदातून मॅलिक वेगळं केलं. टार्टारिक तर त्यानं त्याही आधी, वाइनच्या पिंपाला आत चिकटणाऱ्या खड्यांतून काढलं होतं. भाच्याच्या बाटलीच्या बुडाला काचेच्या कणांसारखं काही दिसलं तर ते बहुधा हेच खडे. घाबरून वाइन टाकू नये.

प्रश्न : लंडनला सुनेनं रूबार्बची केली, दात फुटतील इतकी आंबट. – रंकाळा परिसरातून

उत्तर : रूबार्ब म्हणजे आंबट देठांची विलायती भाजी. तिच्यात मॅलिकबरोबर ऑक्झॅलिक ॲसिडही असतं. फक्त देठ घ्यायचे, पानं विषारी, ती टाकायची. खडू खरा चालतो तो इथे, ऑक्झॅलिक त्याच्याशी चटकन गाळात बसतं. पण आधी सोपा उपाय करावा. गाजराची किंवा केळ्याची सपाट वाइन कुणाकडे पडून असेल तर दोन्ही मिसळून बघा. ताराबाई पार्कच्या वहिनींना पत्र टाकायला हरकत नाही.

प्रश्न : मे महिन्यात पन्हाळ्याच्या वाटेवर करवंदं ढिगानं मिळतात. घरी बरणीत वाइन लावली तर? कोणाला कळणार आहे? – एक तरुण, राजारामपुरी

उत्तर : मला कळलं, छापलं की सगळ्या जिल्ह्याला कळेल. भावा, महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय दारू करणं हा गुन्हा आहे, मग ती करवंदाची असो की द्राक्षाची, विकायची असो की घरी प्यायची. धंदा म्हणून करायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून रीतसर परवाना घ्यावा.

पण करवंदं सोडायची कशाला? सरबत कर. आंबट-तुरटाचा हिशेब तोच आहे, फक्त यीस्ट नाही. पिकलेली काळी करवंदं घे. कच्च्यातला चीक आणि तुरटपणा दोन्ही नको. चुरून रस गाळ, बिया चिरडू देऊ नको. रसात साखर घालताना चमच्याचमच्यानं चाखत जा. आंबट बोचायचं थांबलं की साखरही थांबव. मग त्यातला अर्धा पेला बाजूला काढून दोन चमचे कोरा चहा घालून बघ. ज्याला नुसतं गोडं पाणी आवडत नाही त्याला हा दुसरा पेला आवडेल, मला तरी आवडतो. आणि रस स्टीलच्या भांड्यात काढ, लोखंडी कढईत नको. टॅनिन लोखंडाला भेटलं की काळं पडतं. कढईतला आवळा काळा होतो ना, तसं. हिरडा आणि लोखंडाची तर लोक पूर्वी शाई करायचे.